आधी तपास, मग हात

घरातला बल्ब बदलायचा असेल, पंखा बदलायचा असेल, जळालेला फ्यूज किंवा मोडलेलं बटन काढून तसंच दुसरं बसवायचं असेल, तर कायद्याची कुणालाच हरकत नाही. पण नवी वायर ओढायची, पॉइंट वाढवायचा किंवा बोर्डाची जागा हलवायची असेल, तर गोष्ट बदलते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगत होता की असं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच घ्यावं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून घ्यावं, आणि प्रत्यक्ष तारेला हात लावणाऱ्याकडेही परवाना असावा. पुढे २००३ चा वीज कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम २०१० मध्ये काढले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले. परवान्याचं तत्त्व मात्र तेच राहिलं.

प्रत्यक्षात काय दिसतं? कॉलनीत, वाडीत, चाळीत एखादा तरुण असतो. खिशात टेस्टर, हातात पक्कड आणि चिकटपट्टीचं रीळ. कुणाच्या तरी हाताखाली काही महिने काढलेले असतात. तो पंखे बसवतो, बोर्ड जोडतो आणि हळूहळू अख्ख्या बंगल्याची वायरिंग अंगावर घेतो. यांच्यातले पुष्कळ जण हुशार असतात, त्यांचा हातही चांगला असतो. गावाकडे तर याच्याही पुढची पायरी आहे. लाइनमनच्या मदतीला, कुठल्याही नेमणुकीशिवाय खांबावर चढणारा, डीपीतला फ्यूज टाकणारा पोरगा. त्याला लोक झिरो वायरमन म्हणतात. त्याचं नाव हजेरीपटावर नसतं, त्याचा विमा नसतो, रबरी हातमोजे मिळाले तर मिळाले. तो दगावला की तो नेमका कुणाचा माणूस होता, यावरच वाद सुरू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा देशभराचा आकडा वर्षामागून वर्ष दहा हजारांच्या वर राहिलेला आहे.

हाताचं कौशल्य आणि पात्रता यांच्यामध्ये साधारण तीन वर्षांची एक वाट आहे. तिची पहिली दोन वर्षं सगळ्यांना माहीत असतात, कारण त्यांना शाळेसारखी इमारत, वर्ग आणि परीक्षा असते. तिसरं वर्ष शिकाऊ उमेदवारीचं. ते कारखान्यात किंवा वीज कंपनीत काढायचं असतं, आणि घरच्यांना ते बहुतेक वेळा वाया गेलेलं वर्ष वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. वीजतंत्री खऱ्या अर्थाने घडतो तो याच वर्षात, आणि हेच वर्ष आपण सगळ्यांत निष्काळजीपणे वापरतो.

वाट दहावीपासून सुरू होते. १९५० मध्ये केंद्र सरकारने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, आणि तिच्यातूनच आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आयटीआय, उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात आज शासकीय आयटीआयच चारशेहून अधिक आहेत. पुण्यातल्या औंधसारख्या जुन्या आणि मोठ्या संस्थेपासून आदिवासी तालुक्यांतल्या छोट्या संस्थांपर्यंत. वीजतंत्री हा व्यवसाय दोन वर्षांचा. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी झालेल्यांसाठी तो असतो, आणि प्रवेशाच्या यादीत त्याला मागणी कायम वरची.

विजेचं शिकायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या काही आठवड्यांत कानस दिली जाते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा, काटकोन जुळेपर्यंत घासायचा. मग हॅकसॉने कापायचं, भोक पाडायचं, आटे पाडायचे, थोडं सुतारकाम, थोडं पत्र्याचं काम. मुलं कंटाळतात. पण ज्याला पॅनेलच्या पत्र्यात सरळ भोक पाडता येत नाही, तो त्यात केबल नेताना तिचं आवरण सोलून बसतो. हे त्याला तेव्हा कळत नाही, निदेशकाला कळत असतं.

मग तारा येतात. पिगटेल, टी, मॅरीड, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन अशा जोडांची एक पूर्ण मालिका मुलांकडून करून घेतली जाते. आज घराच्या वायरिंगमध्ये यांतले बरेचसे जोड लागत नाहीत, मग वेळ का घालवायचा, असं विचारणारे आहेत. कारण साधं आहे. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याच्या वाटेवर एखादा ढिला जोड असेल आणि त्याचा रोध अर्धा ओह्मच असेल, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ४० वॉट उष्णता त्या एका जागेवर तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे भिंतीतल्या बंद डबीत त्याहून गरम वस्तू आपण रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवतो. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, मग वास येतो. वर्तमानपत्रात ज्याला शॉर्टसर्किट म्हणून छापतात, त्यातल्या कित्येक आगींची सुरुवात अशा न आवळलेल्या स्क्रूपाशी असते. फ्यूज किंवा एमसीबी इथे मदतीला येत नाही. प्रवाह वाढलेलाच नसतो, नऊ अँपिअरच असतो. मुलाला शेकडो वेळा तार सोलायला, पिळायला आणि आवळायला लावतात ते यासाठी.

जिन्याची वायरिंग हा पहिल्या वर्षातला सगळ्यांचा आवडता धडा. खाली एक बटन, वर एक बटन, दिवा एकच. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. इथे मुलांना पहिल्यांदा जाणवतं की प्रवाहाला रस्ता हवा, आणि तो रस्ता डोक्यात काढता आला पाहिजे. त्यानंतर गोदामाची वायरिंग, बोगद्याची वायरिंग, दोन खोल्यांच्या घराचा पूर्ण बोर्ड. मग अर्थिंग: किमान अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी घालायला नरसाळं. अर्थ टेस्टर लावून जमिनीचा रोध प्रत्यक्ष मोजायचा. बऱ्याच घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जोडलेली नसते. मोजायची सवय लागलेला मुलगाच हे शोधून काढू शकतो.

टेस्टरबद्दल थोडं थांबायला हवं, कारण घरोघरी त्याच्यावर श्रद्धा आहे. टेस्टरमधला नियॉनचा छोटा दिवा पेटतो तो आपल्याच अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर. लाकडी स्टुलावर, कोरड्या रबरी चपलेत उभं राहिलं तर तार चालू असूनही तो मंद दिसू शकतो, भर उजेडात तर दिसतच नाही. उलटही होतं. कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असेल आणि एखादं उपकरण चालू असेल, तर टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. नवखा माणूस गोंधळतो आणि दोन फेज आले म्हणतो. प्रत्यक्षात उपकरणातून पलीकडे गेलेली फेज तुटलेल्या न्यूट्रलवर अडकून बसलेली असते. डिजिटल मीटरही फसवतो. शेजारून जाणाऱ्या चालू केबलमुळे बंद तारेवरही तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकतो, कारण तो स्वतः जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. तिथे साधा टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो. अशा तारेवर दिवा लागतच नाही. कुठलं साधन कधी खोटं बोलतं, हे ज्ञान पुस्तकात एका ओळीचं असतं. हातात यायला वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी मोटर, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग. तीन फेजची मोटर थेट लाइनवर टाकली तर सुरू होताना ती आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून मोठ्या मोटरीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात: सुरुवातीला गुंडाळ्या स्टारमध्ये जोडल्या की प्रत्येकीवर ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट येतात आणि लाइनवरचा प्रवाह एक तृतीयांशावर उतरतो, मोटरने वेग घेतला की टायमर तिला डेल्टात टाकतो. नवी गुंडाळी भरल्यावर मेगर लावायचा. ५०० व्होल्टवर तारा आणि मोटरचं अंग यांच्यातला रोध किमान एक मेगोह्म आला पाहिजे. न आल्यास मोटर उघडून पुन्हा सुकवायची.

या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या आठवड्यात, एक धडा असतो: धक्का बसलेल्या माणसाला कसं सोडवायचं आणि त्याचा श्वास बंद पडला असेल तर काय करायचं. तो का, हे एका आकड्यावरून समजतं. बर्कले विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी गेल्या शतकात स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिलं की किती प्रवाहापर्यंत माणूस धरलेली तार स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्याच्या वर स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. घरातला नऊ वॉटचा एलईडी दिवासुद्धा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओह्म धरला, तर २३० व्होल्टवर त्यातून २३० मिलिअँपिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडायला त्याच्या निम्मा प्रवाहही पुरतो. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवायचं कारण हेच. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मरणारा माणूस हा अगदी किरकोळ भार असतो.

इथवरचं सगळं आयटीआयमध्ये मिळतं, संस्था बरी असेल तर चांगलं मिळतं. मग उणीव कसली? सरावाच्या बोर्डावर सगळ्या तारा समोर दिसतात. बिघाड निदेशकाने मुद्दाम केलेला असतो आणि तो कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. चूक झाली तर मुख्य स्विच पडतो. कारखान्यातलं पॅनेल वीस वर्षं जुनं असतं. त्याचा नकाशा हरवलेला असतो, सापडला तरी मधल्या काळात चौघांनी केलेले बदल त्यात नसतात. लाल वायर संपली म्हणून कुणीतरी काळी टाकलेली असते. आणि पाठीमागे शिफ्टचा सुपरवायझर घड्याळाकडे पाहत उभा असतो, कारण मशीन बंद आहे. विजेच्या कामातल्या बहुतेक जीवघेण्या चुका अज्ञानातून होत नाहीत, त्या घाईतून होतात. घाईत डोकं शांत ठेवण्याचं शिक्षण वर्गात देता येत नाही.

ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या वाफेवरून विजेवर येऊ लागल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. या कामांसाठी शिकलेले अभियंते थोडे होते. व्हीजेटीआयसारखी संस्था १८८७ पासून होती, पण खाली प्रत्यक्ष तारा जोडणारा माणूस मिस्त्रीच्या हाताखालीच तयार होई. त्यात शिकणं होतं, तसं शोषणही होतं. किती वर्षं, काय शिकवायचं, किती पैसे, शेवटी हातात काय मिळणार, यातलं काहीच ठरलेलं नसे.

ते ठरवण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. त्याचा गाभा सोपा आहे. ठरावीक आकाराच्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यायचे, त्यांच्याशी लेखी करार करायचा, करार सरकारकडे नोंदवायचा, ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवायचं, दरमहा विद्यावेतन द्यायचं आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा घ्यायची. २०१४ मध्ये या कायद्यात मोठे बदल झाले. मालकाला तुरुंगवासाची तरतूद गेली, दंड राहिला. २०१९ च्या नियमदुरुस्तीने तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचं बंधन आलं आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून या रकमेचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. आयटीआय न करता थेट उमेदवारीत येण्याचीही सोय कायद्यात आहे, त्यात सुरुवातीला मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण वीजतंत्री व्यवसायात रुळलेली वाट दोन वर्षं आयटीआय आणि एक वर्ष उमेदवारी हीच.

करारावर सही करताना मुलाने आणि पालकांनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. कायद्याच्या भाषेत शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून पगार, बोनस, भविष्य निर्वाह निधी यांचा दावा नाही. पण कारखान्यांसाठीच्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या कायदेशीर तरतुदी त्याला लागू आहेत. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, आणि आयटीआयच्या निरोपसमारंभात मुलांना क्वचितच कुणी सांगतं.

आता ते वर्ष आतून पाहू. उमेदवार एखाद्या कारखान्याच्या देखभाल विभागात गेला असं धरू. पहिले काही दिवस तो शिडी धरतो, हत्यारं देतो, सबस्टेशनच्या मीटरचे आकडे वहीत उतरवतो. मग एक दिवस बिघाड येतो: हिरवं बटन दाबलं की मोटर चालते, बोट काढलं की बंद. नवखा मोटरकडे धावतो. जुना माणूस पॅनेलपाशी जातो, कारण बटन दाबून मोटर फिरते याचाच अर्थ मोटर, ओव्हरलोड रिले आणि मुख्य तारा ठीक आहेत. बटन सोडल्यावर कॉन्टॅक्टरला स्वतःला धरून ठेवणारा छोटा सहायक कॉन्टॅक्ट काम करत नाही. कार्बन साचलाय किंवा तिथली वायर सुटलीय. दोन मिनिटांचं काम. ही आकृती मुलाने आयटीआयमध्ये वहीत दहा वेळा काढलेली असते. पण लक्षणावरून उलट मागे जायचं, जे ठीक आहे ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या जागी जायचं, हा विचार तो इथे पहिल्यांदा कुणालातरी करताना पाहतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे बंद लाइन खरोखर बंद आहे, हे कसं ठरवायचं. पद्धत अशी. स्विच काढायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ ही पाटी नावासकट टांगायची. मग टेस्ट लॅम्प किंवा मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतो की नाही ते पाहायचं. नंतर बंद केलेल्या तारांवर लावायचा: फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळ्या जोड्या. आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून मधल्या वेळात साधनच बिघडलं नाही ना, हे तपासायचं. तीन पायऱ्यांतली शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ज्या विभागातला मिस्त्री रोज, सणाच्या दिवशी आणि पगाराच्या दिवशीही, ती गाळत नाही, त्या विभागातला शिकाऊ मुलगा जन्मभर ती गाळणार नाही. “तपासलंस का?” “हो काका.” “परत तपास.” या तीन वाक्यांवर माणसं वाचलेली आहेत.

महावितरणमध्ये उमेदवारी मिळाली तर हाच धडा ११ किंवा २२ हजार व्होल्टवर शिकायचा असतो. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, ज्याने घेतलं त्यानेच काम संपल्यावर ते परत करायचं. तोवर कुणाच्याही फोनवर लाइन चालू करायची नाही. एबी स्विच उघडला तरी तिन्ही पाती खरंच सुटली आहेत का, हे खालून डोळ्यांनी पाहायचं. मग डिस्चार्ज रॉड: आधी त्याचं जमिनीकडचं टोक जोडायचं, नंतर रॉड लाइनला लावायचा, काढताना बरोबर उलट, आधी लाइनवरून काढायचा. हा क्रम चुकला तर माणूस स्वतःच लाइन आणि जमीन यांच्यामधला दुवा होतो. बंद लाइनवर वीज येतेच कुठून, असा प्रश्न मुलं विचारतात. ती खालून येते. गावातल्या एखाद्या मंगल कार्यालयाने जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर नीट बसवलेला नसला, तर २३० किंवा ४१५ व्होल्ट उलट्या दिशेने डीपीत शिरतात आणि ट्रान्सफॉर्मर त्यांचे पुन्हा ११ हजार करून वर पाठवतो. खांबावरच्या माणसाने लाइन बंद करून घेतलेली असते, परमिट त्याच्या खिशात असतं, आणि तरी तार जिवंत असते. झिरो वायरमनला हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे वर्ष चांगलं गेलं तर असं जातं. पुष्कळांचं तसं जात नाही, आणि याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. स्वस्तात मिळणारे हात म्हणून मुलांकडे पाहणाऱ्या आस्थापना आहेत. वीजतंत्र्याला वर्षभर पॅकिंगच्या लाइनवर उभं करतात, माल मोजायला लावतात, साहेबांच्या केबिनबाहेर बसवतात. वर्ष संपलं की नवी तुकडी. मुलगा परीक्षेला जातो तेव्हा त्याने बारा महिन्यांत पॅनेल उघडलेलंच नसतं. दोष एकट्या मालकाचा नाही; तपासणीला जाणारी माणसं अपुरी आहेत आणि करार झाले की आकडा पूर्ण झाला असं मानलं जातं. मला वाटतं, किती करार झाले यापेक्षा किती जणांनी किती प्रकारची कामं स्वतःच्या हाताने केली, हे मोजलं गेलं पाहिजे. त्याची सोय आहेच. उमेदवाराने रोज काय केलं याची नोंदवही ठेवायची असते. मुलांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती वही महिनाअखेरीस एकदम भरू नका, रोज भरा. बिघाड काय होता, आधी काय वाटलं, निघालं काय, कुठल्या मीटरवर किती वाचन आलं. विभाग बदलून मिळत नसेल तर ती वही दाखवून लेखी मागा. आस्थापना निवडायची संधी असेल तर जिथे विद्यावेतन पाचशे रुपये कमी आहे, पण स्वतःचं सबस्टेशन आणि देखभाल विभाग आहे, ती जागा घ्या.

मुलींना हा सल्ला दुप्पट लागू. वीजतंत्री व्यवसायात त्या येतात, चांगल्या गुणांनी पास होतात आणि उमेदवारीत त्यांना बरेचदा कार्यालयात बसवलं जातं. महावितरणच्या महिला तंत्रज्ञ आज खांबावर चढून काम करत आहेत. तेव्हा जमणार नाही म्हणणाऱ्याला उत्तर उपलब्ध आहे.

वर्षाअखेरीला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. जिथे उमेदवारी केली तिथेच नोकरी मिळेल का? कायदा तसं बंधन घालत नाही; २०१४ च्या दुरुस्तीने फक्त प्रत्येक आस्थापनेने याबाबत आपलं धोरण ठरवावं असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात काही दिलासा दिला: इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, सेवायोजन कार्यालयातून नाव येण्याची अट त्याला लावू नये, आणि सेवानियम गप्प असतील तर प्रशिक्षणाच्या काळाइतकी वयाची सवलत द्यावी. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत वीजतंत्री आणि तारतंत्री प्रमाणपत्रांना स्थान आहे. रेल्वे, संरक्षण कारखाने, मोठ्या इमारतींचे देखभाल विभाग ही आणखी काही ठिकाणं.

ज्याला स्वतःचं काम करायचं आहे त्याने मात्र प्रमाणपत्रावर थांबू नये. राज्याच्या ऊर्जा विभागाचं अनुज्ञापक मंडळ तारतंत्री, पर्यवेक्षक आणि विद्युत ठेकेदार असे परवाने देतं, आणि सुरुवातीला सांगितलेला कायदा याच कागदांबद्दल बोलतो. ठेकेदार झालेला माणूस नव्या जोडणीच्या चाचणी अहवालावर सही करतो. त्या सहीचा अर्थ: मी मेगर लावला, मी अर्थिंग मोजलं. न मोजता केलेल्या सह्या बाजारात मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या थांबल्या पाहिजेत.

दुसऱ्या देशांत ही वाट कशी आहे, याची आता महाराष्ट्रातही गरज पडू लागली आहे. जर्मनीत वीजतंत्र्याची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. आठवड्याचे काही दिवस कंपनीत, काही दिवस व्यवसाय शाळेत, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे आधी शाळा आणि मग काम, तिथे पहिल्या महिन्यापासून दोन्ही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, आणि त्यात वीजतंत्रीही आहेत. भाषा शिकता येते. पण तिथला मिस्त्री पहिल्याच दिवशी पाहील की हा मुलगा तार धरण्याआधी तपासतो की नाही.

आणि शिकण्यासारखं नवं काही संपलेलं नाही. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना जाहीर झाली, एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचं उद्दिष्ट घेऊन. ते बसवणारे हात याच वाटेने यायचे आहेत, पण छपरावर त्यांची जुनी सवय अपुरी पडते. मुख्य स्विच काढला की इन्व्हर्टरपुढची वीज थांबते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या केबलवर मात्र ऊन असेपर्यंत काही शे व्होल्टचा दाब राहतोच, तो बंद करणारं बटन नाही. शिवाय तो एकदिश प्रवाह आहे. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना उडणारी ठिणगी विझते. इथे प्रवाह शून्यावर येतच नाही, चालू भाराखाली प्लग ओढला तर ठिणगी ताणत जाते आणि जळत राहते. त्यासाठी एकदिश प्रवाहाचेच आयसोलेटर लागतात, साधा एमसीबी चालत नाही. कनेक्टरही एकाच बनावटीचे आणि योग्य हत्याराने दाबलेले असावे लागतात. आधी इन्व्हर्टरची घरच्या बाजूची वीज बंद करायची, मग छपराच्या बाजूचा आयसोलेटर, मग केबलमधला प्रवाह क्लॅम्प मीटरने पाहायचा, आणि तो शून्य दिसल्यावरच कनेक्टर सोडवायचा. हा क्रम आज जो उमेदवार कुणाच्या तरी शेजारी उभा राहून शिकतो आहे, त्याच्या हाताखाली पाच वर्षांनी दुसरा कुणीतरी उभा असणार आहे.